तेल थोडं, ताजं आणि एकदाच तापवलेलं

कळस, बोरी, लासुर्णे, निमगाव केतकी, भवानीनगर, वालचंदनगर या भागातल्या सगळ्या घरांना एक विनंती आहे. हे वाचून झालं की स्वयंपाकघरात जा, तेलाच्या बरणीचं झाकण काढा आणि वास घ्या. मग तळण झाल्यावर गाळून ठेवलेल्या तेलाचा वास घ्या. तिसरा वास शेंगदाण्याच्या कुटाच्या डब्याचा. तिन्हींपैकी एकालाही जुनाट, घशाशी खवखवणारा, खवट वास येत असेल तर समजा, त्या तेलाला हवा लागली आहे. हवेतला ऑक्सिजन तेलाच्या रेणूंना चिकटून त्यांची मोडतोड करतो. आपल्या अंगातही मेद आहे आणि ऑक्सिजनही आहे. त्यामुळे हीच मोडतोड शरीराच्या प्रत्येक पेशीत रोज होऊ पाहते. तिला आवर घालणाऱ्या गोष्टींमध्ये जीवनसत्त्व ई पुढे आहे.

ई जीवनसत्त्वाचं नाव निघालं की डोळ्यांपुढे येते ती औषधाच्या दुकानातली हिरवी, मऊ गोळी. केस गळतात, चेहऱ्यावर डाग आहेत, रात्री पायात गोळे येतात. कशाहीवर ही गोळी घेतली जाते. या गोळीची गरज फार थोड्या लोकांना असते. मात्र तेल कोणतं खायचं, किती खायचं, कसं ठेवायचं आणि किती वेळा तापवायचं, हे प्रत्येक घराला कळायला हवं.

आधी तेल खवट का होतं ते पाहू. तूप आणि खोबरेल थंडीत गोठतं, करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल गोठत नाही. फरक रेणूंच्या ठेवणीत आहे. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. त्या साखळीत दुहेरी बंध नसेल तर मेद संतृप्त. एक किंवा अधिक असतील तर असंतृप्त. खोबरेल बहुतांशी संतृप्त आहे. शेंगदाण्याच्या तेलात एक दुहेरी बंध असलेलं ओलेइक आम्ल निम्म्याच्या आसपास आणि दोन बंधांचं लिनोलेइक आम्ल तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं. नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलेइक तब्बल 75 टक्क्यांच्या घरात जातं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग तीन दुहेरी बंधांच्या लिनोलेनिक आम्लाचा असतो.

दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. तो निघून गेला की त्या जागी ऑक्सिजन येऊन बसतो. असा ऑक्सिजन बसलेला रेणू अस्वस्थ असतो. तो शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढून घेतो. मग शेजारी अस्वस्थ होतो, तो त्याच्या शेजाऱ्याचा ओढतो. म्हणून दुहेरी बंध जितके जास्त तितकं तेल लवकर बिघडतं. जवसाच्या तेलाचा हात क्रिकेटच्या बॅटवर फिरवला की काही दिवसांत ते सुकून लाकडावर पापुद्रा धरतं, ते याच कारणाने. त्या तेलाची वाफ होत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. तळणाच्या कढईच्या काठावर तपकिरी, चिकट राप बसतो, जो घासणीने निघता निघत नाही, तोही असाच घट्ट झालेल्या तेलाचा.

उसाच्या फडाला आग लागल्यावर काय होतं ते आपल्या भागात सगळ्यांनी पाहिलं आहे. एक बेट पेटतं, त्याच्या पाचटाने शेजारचं पेटतं, वारा असेल तर घटकेत सगळं रान जातं. धावून आलेली माणसं पेटलेला एकेक ऊस विझवत बसत नाहीत. आगीच्या पुढे जाऊन काही सऱ्यांमधला ऊस तोडतात आणि मोकळा पट्टा पाडतात. आग तिथवर येते आणि थांबते. जीवनसत्त्व ई शरीरात नेमकं हेच करतं. अस्वस्थ झालेल्या मेदाच्या रेणूला ते स्वतःचा एक हायड्रोजन देऊन टाकतं. त्या रेणूला मग शेजाऱ्यावर हात टाकावा लागत नाही. हायड्रोजन दिल्यावर ई स्वतः अर्धवट होतं, पण त्या अवस्थेत ते बऱ्यापैकी शांत राहतं, पुढे कुणाला त्रास देत नाही. साखळी तिथे तुटते.

पेशीचं पटल मेदाच्या रेणूंचं बनलेलं असतं आणि त्यातले बरेच रेणू असंतृप्त असतात. असंतृप्त मेदामुळेच ते पटल लवचिक राहतं, म्हणून असंतृप्त मेद टाळून चालत नाही. काही असंतृप्त मेदाम्लं तर शरीराला तयारच करता येत नाहीत, ती अन्नातूनच घ्यावी लागतात. तांबड्या रक्तपेशीची स्थिती आणखी नाजूक. तिच्या आत लोह आहे, सतत ऑक्सिजनची ने-आण आहे आणि भोवती असंतृप्त मेदाचं पातळ पटल आहे. अशा पटलात ई जीवनसत्त्वाचा जेमतेम एखादा रेणू हजारभर मेदरेणूंमागे असतो. इतक्यावर भागतं, कारण ई एकदा वापरलं म्हणून वाया जात नाही. जीवनसत्त्व क त्याला पुन्हा हायड्रोजन देऊन कामाला लावतं. सेलेनियम या क्षाराची गरज असलेलं एक विकर मेदाच्या मोडतोडीत तयार झालेले घातक पेरॉक्साइड निकामी करतं. म्हणजे एकट्या ई-वर सगळा भार नाही. इंदापूर तालुक्यात पेरूच्या बागा काही कमी नाहीत. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास जीवनसत्त्व क असतं. गोळ्यांच्या महागड्या डबीपेक्षा आपल्या बांधावरचा पेरू अधिक कामाचा.

हे सगळं कळलं कसं, तेही थोडक्यात सांगतो. 1922 मध्ये कॅलिफोर्नियात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन स्कॉट बिशप हे उंदरांवर प्रयोग करत होते. ठरावीक शुद्ध आहारावर वाढलेल्या माद्या गाभण राहायच्या, पण पिल्लं पोटातच विरघळून जायची. आहारात लेट्यूसची पानं घातली, पुढे गव्हाच्या अंकुराचं तेल घातलं, तेव्हा पिल्लं जगू लागली. त्या अज्ञात घटकाला पुढे ई हे अक्षर मिळालं आणि 1936 मध्ये तो गव्हाच्या अंकुराच्या तेलातून वेगळा काढला गेला. उंदरांवरच्या या गोष्टीवरूनच ‘ई घेतलं की मूल होतं’ असा समज पसरला. माणसात वंध्यत्वावर ही गोळी रामबाण आहे, असं सिद्ध झालेलं नाही. मूल होत नसेल तर नवरा-बायको दोघांनी तपासणी करून घ्यावी. गोळीच्या भरवशावर वर्षं घालवू नयेत.

माणसाला ई किती लागतं, याचा मोठा पुरावा अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, एल्गिनच्या सरकारी मनोरुग्णालयात मिळाला. मॅक्स हॉर्विट यांनी 1953 पासून काही वर्षं तिथल्या रुग्णांना ई कमी असलेला आहार दिला आणि त्यात ई काढून टाकलेलं मक्याचं तेल वापरलं. मनोरुग्णांवर असा प्रयोग करायला आज कुणी परवानगी देणार नाही, देऊही नये. पण त्यातून कळलेली गोष्ट आजही कामाची आहे. त्या रुग्णांच्या तांबड्या रक्तपेशी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या संपर्कात सहज फुटू लागल्या. असंतृप्त तेल जितकं जास्त, तितकी ई-ची गरज जास्त, हे त्यातून स्पष्ट झालं. अमेरिकेने प्रौढांसाठी दिवसाला 15 मिलिग्रॅम हा आकडा ठरवला, त्याच्या मुळाशी हीच नोंद आहे. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2010 च्या शिफारशीत 8 ते 10 मिलिग्रॅम सांगितलं होतं.

1960 च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्येही हेच दिसलं. त्यांना दिल्या जाणाऱ्या डब्याच्या दुधात असंतृप्त तेल भरपूर, वरून लोह, आणि ई मात्र अपुरं. त्या बाळांच्या रक्तपेशी फुटून त्यांना रक्तक्षय होऊ लागला. दुधाची घडण सुधारली तेव्हा तो प्रकार आटोक्यात आला. म्हणून लक्षात ठेवा, तेल आणि ई हा जोडीचा हिशेब आहे. तेल वाढवायचं आणि त्याच्या सोबतचं ई मारून टाकायचं, हे दोन्ही एकदम केलं तर नुकसान ठरलेलं.

बारामती-इंदापूर भागात कोंबड्या आणि गाई सांभाळणाऱ्यांना ही जोडी वेगळी शिकवायला नको. कोंबडीच्या पिल्लांना असंतृप्त तेल जास्त आणि ई कमी असलेलं, किंवा खवट झालेलं खाद्य मिळालं, तर त्यांच्या मेंदूला इजा होते. पिल्लू मान मागे टाकतं, तोल जाऊन पडतं, पाय झाडतं. म्हणून चांगल्या खाद्यात ई घालतात आणि तेल बिघडू नये म्हणून वेगळा घटकही घालतात. पावसात भिजलेलं, महिनोन् महिने पडलेलं, वास मारणारं खाद्य ‘जाऊ दे, पिल्लांनाच घालू’ म्हणून घालू नका.

गाईचंही तसंच. हिरव्या चाऱ्यात ई भरपूर असतं. चारा वाळून उन्हात पडून राहिला की त्यातलं बरंचसं नाहीसं होतं. उन्हाळ्यात नुसत्या वाळलेल्या कडब्यावर काढलेली गाय विते तेव्हा तिच्या अंगात ई आणि सेलेनियम कमी पडलेलं असू शकतं. अशा गाईंमध्ये वार अडकणं आणि दगडी होणं यांचा धोका वाढतो. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात थोडा तरी हिरवा चारा मिळेल असं बघा आणि ई-सेलेनियमचं इंजेक्शन द्यायचं की नाही ते पशुवैद्यकांना विचारा. सेलेनियम जास्त झालं तर विषारी ठरतं, त्यामुळे दुकानातून आणून स्वतःच टोचू नका.

आता आपल्या रानाकडे वळू. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, साखर कारखाने उभे राहिले, रानं उसाखाली गेली. त्याने संसार उभे केले, हे कुणी नाकारणार नाही. पण पूर्वी रब्बी ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असायच्या. काट्यांमुळे जनावरं आत शिरायची नाहीत आणि वर्षाचं तेल घरचं व्हायचं. थंडीत करडईच्या कोवळ्या पानांची भाजी ताटात असायची. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतं आणि आपल्याही घरात ते पिशवीतून येतं.

करडईचा अभ्यास करणारी एक नावाजलेली संस्था आपल्या शेजारीच, फलटणला आहे. बनबिहारी निंबकरांनी 1968 मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. बिनकाट्यांची नारी-6 ही जात आणि नारी-एनएच-1 हा बिनकाट्यांचा संकरित वाण याच संस्थेने दिला. काट्यांमुळे काढणीला माणूस मिळत नाही, ही करडई सोडून देण्यामागची मोठी अडचण होती. तिच्यावर उत्तर इथे, नीरेच्या काठालगतच्या तालुक्यात शोधलं गेलं. सोलापूरच्या संशोधन केंद्रानेही कोरडवाहू रानासाठी करडईचे वाण दिले आहेत.

करडईचं तेल हृदयाला चांगलं, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. त्यात तथ्य आहे. तूप-वनस्पतीच्या जागी असंतृप्त तेल आलं तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उतरतं. पण तेच तेल हवेने आणि आचेने सर्वांत लवकर बिघडणाऱ्या तेलांमध्ये मोडतं. म्हणून करडईचं, सूर्यफुलाचं तेल फोडणीला, भाजीला वापरा आणि चटणीवर कच्चंच घ्या. तळणासाठी शेंगदाण्याचं तेल त्याहून बरं टिकतं. तिळाच्या तेलात ई-शिवाय त्याचे स्वतःचे संरक्षक घटक असतात, म्हणून तेही लवकर खवट होत नाही. घरात एकच तेल वर्षभर न ठेवता दोन-तीन तेलं आलटून-पालटून वापरणं चांगलं. वनस्पती तुपाने मात्र फार काळ घात केला. तेल टिकावं म्हणून त्यात हायड्रोजन भरला जायचा आणि त्यातून ट्रान्स मेद तयार व्हायचे, जे हृदयाला संतृप्त मेदापेक्षाही वाईट. सरकारने 1 जानेवारी 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्स मेदाची मर्यादा 2 टक्क्यांवर आणली आहे.

लाकडी घाण्याच्या तेलाविषयीही स्पष्ट बोलायला हवं. घाण्यावर तेल फार तापत नाही, म्हणून त्यातलं ई आणि चव टिकते. रिफाइंड करताना तेलाला वास घालवण्यासाठी खूप तापवतात, त्यात ई-चा काही भाग निघून जातो. पण घाण्याच्या तेलात गाळ आणि ओलावा राहिला तर ते लवकर बिघडतं. दाणे बुरशी आलेले असतील तर त्या बुरशीचं विष तेलात उतरतं. निवडलेले दाणे, समोर काढलेलं तेल, गाळ बसू देऊन निथळलेलं आणि महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढंच, अशी काळजी घेणार असाल तर घाण्याचं तेल जरूर घ्या.

पण गोळी घेतली तर बिघडलं काय, असं पुष्कळ जण विचारतात. याचं उत्तर हजारो माणसांवर झालेल्या चाचण्यांनी दिलं आहे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निकाल 1994 मध्ये आला. ई-च्या गोळीने फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही. 2000 मध्ये ‘होप’ या चाचणीचा निकाल आला. हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजार लोकांना रोज 400 युनिट ई साडेचार वर्षं दिलं, तरी हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. मग 35 हजारांहून अधिक पुरुषांवर ‘सिलेक्ट’ ही चाचणी झाली. 2011 मध्ये दिसलं की नुसती ई-ची गोळी घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी जास्त होता.

अन्नातलं ई चांगलं आणि गोळीतलं निरुपयोगी किंवा वाईट, असं का? मात्रेकडे बघा. गरज 8 ते 15 मिलिग्रॅमची आणि गोळी 400 मिलिग्रॅमची. शिवाय ई एकटं काम करत नाही. त्याला क लागतं, सेलेनियम लागतं, आणि बियांमध्ये ई-चे जे इतर भाऊबंद असतात ते गोळीत नसतात. मोठ्या मात्रेत ई रक्त गोठण्याच्या क्रियेत आडवं येतं. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल, ऑपरेशन ठरलं असेल, तर ई-ची गोळी घेत असल्याचं डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. गोळी फोडून चेहऱ्यावर चोळल्याने डाग जातील याची खात्री नाही. काहींना मात्र खाज आणि पुरळ उठतं.

काही लोकांना ही गोळी खरोखर लागते. अपुऱ्या दिवसांची बाळं, पित्त आतड्यात नीट न उतरणारी मुलं, मेद पचत नसलेले रुग्ण, आणि ई शरीरात फिरवणारं प्रथिन जन्मतःच सदोष असलेली माणसं. अशांना ई कमी पडलं तर नसांवर परिणाम होतो, तोल जातो, हातापायांची जाणीव कमी होते. यकृताच्या काही आजारांतही डॉक्टर ठरावीक काळ ती देतात. अशांनी गोळी मनाने बंद करू नये. बाकीच्यांनी मनाने सुरू करू नये.

मग ई मिळवायचं कुठून? आपल्या ताटातूनच. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत अडीच मिलिग्रॅमच्या आसपास ई असतं. शंभर ग्रॅम पालकात दोन मिलिग्रॅम. एक मोठा चमचा करडईच्या तेलात साडेचार, सूर्यफुलाच्या तेलात साडेपाच, शेंगदाण्याच्या तेलात दोन. सूर्यफुलाच्या बिया आणि बदाम यांत भरपूर, पण बदाम परवडले नाहीत म्हणून काही अडत नाही. भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी आणि बेताचं ताजं तेल एवढ्यात निरोगी माणसाची गरज भागते.

यात ‘ताजं’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तेल तापलं की त्यातलं ई आधी खर्ची पडतं. तळणाचं तेल 170 ते 190 अंशांपर्यंत जातं. तेलाला वाचवता वाचवता ई संपतं आणि मग तेल झपाट्याने बिघडतं. त्यातून तयार होणारे अल्डिहाइडसारखे पदार्थ पेशींना थेट इजा करतात. म्हणजे तिसऱ्यांदा तापवलेल्या तेलातला वडा खाताना आपण बिघडलेला मेद खातो आणि त्याला आवरणारं ई मात्र मिळत नाही. म्हणून घराघरात एवढं पाळा.

तळणाला लागेल तेवढंच तेल कढईत घ्या. धूर निघेपर्यंत तापवू नका. तळताना मीठ तेलात पडू देऊ नका आणि जळालेला चुरा झाऱ्याने काढत राहा. तळून उरलेलं तेल गार झाल्यावर गाळा आणि एक-दोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीत संपवा. त्यात पुन्हा तळू नका. काळं पडलेलं, फेस धरणारं, घट्ट झालेलं तेल टाकायचंच आहे. मोरीत ओतू नका, माती किंवा लाकडाच्या भुशात जिरवून टाका.

जुन्या तेलात नवं तेल कधीच मिसळू नका. जुन्यातले बिघडलेले रेणू नव्याला लगेच बिघडवायला घेतात. बरणी रिकामी झाली की घासून, पूर्ण वाळवून मगच भरा. तेल चुलीजवळ, खिडकीत, उन्हात ठेवू नका. पारदर्शक बाटलीपेक्षा झाकणाचा स्टीलचा डबा बरा.

माणशी दिवसाला 20 ते 30 ग्रॅम तेल पुरतं. पाच माणसांच्या घरात महिन्याला तीन ते साडेचार किलो. तुमच्या घरात किती जातं ते एकदा मोजा. पंधरा किलोचा डबा स्वस्त पडतो म्हणून घेतला, तर या हिशेबाने तो सव्वातीन ते पाच महिने उघडा राहतो. दोन-तीन घरांनी मिळून घ्या आणि आणल्या दिवशीच वाटून टाका.

शेंगा फोडून ठेवण्याची घाई करू नका. टरफलात दाणा महिनोन् महिने चांगला राहतो. भाजून कूट केला की त्याचा प्रत्येक कण हवेला उघडा पडतो. आठवड्याला पुरेल एवढाच कूट करा. जवसाची चटणी त्याहून नाजूक. जवस अख्खे ठेवा, लागतील तेवढे भाजून कुटा आणि चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात थंड जागी ठेवा. भिगवणहून आणलेल्या मासळीतही बिघडायला सोपा असंतृप्त मेद असतो, ती आणल्या दिवशीच शिजवा. कालवण केलं तर तळण्याचं तेलही वाचतं.

वडापाव, भजी, शेव-फरसाण करणाऱ्या भावांना हात जोडून सांगणं आहे. तळणाच्या तेलातले, तेल बिघडताना वाढणारे ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून लागू केला आहे. वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. तुमच्या गाडीवर शाळेतून येणारी पोरं खातात. संध्याकाळी उरलेलं काळं तेल सकाळच्या घाण्यात घालू नका. चार पैसे वडा महाग करा, गिऱ्हाईक समजून घेईल. आणि गिऱ्हाइकांनीही कढईत डोकावून बघावं, तेल काळं दिसलं तर तसं सांगावं.

तुकोबांची पालखी आपल्या भागातून जाते तेव्हा सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकीत पंगती उठतात. त्या अन्नदानात कुणी हात आखडता घेत नाही, आणि घेऊही नये. पण पुरी-भज्यांच्या एका पंगतीचं तेल दुसऱ्या दिवशीच्या पंगतीला वापरण्यापेक्षा भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि पेरूच्या फोडी वाढल्या तर उन्हा-पावसात चालणाऱ्या वारकऱ्याच्या अंगी जास्त लागेल.

बचत गटांच्या बायकांनी गावात एखादा घाणा चालवायला घ्यावा. करडईच्या बियाण्याची चौकशी फलटणला किंवा शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करडई पेरता येते आणि साधारण सव्वाचार महिन्यांत काढणीला येते. उसाच्या रानात जमणार नाही, पण ज्वारीच्या वावराच्या कडेने चार ओळी टाकायला कुणाची हरकत आहे? पाण्याची ओढ असलेल्या रानात तर हे पीक कमी ओलीवर तग धरतं.

मंडळी, यातली एकही गोष्ट पैशावाचून अडणारी नाही, उलट पैसे वाचवणारी आहे. तेल थोडं घ्या, ताजं घ्या, तळणासाठी एकदाच तापवा. शेंगदाणे, पालेभाजी आणि पेरू रोज खा. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ई-ची गोळी घेऊ नका. आणि येत्या रब्बीला घरच्या तेलासाठी चार ओळी करडई नक्की पेरा.